बंदुकीच्या नळींतलें तांबें

पुण्यालगत खडकीस दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालीं निघाला. त्या काळीं काडतुसांतील दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचें जुनेंच मिश्रण, आणि गोळी शिशाची. ही दारू जळली म्हणजे तिचा निम्म्याहून अधिक भाग काजळीच्या व क्षारांच्या रूपानें मागें उरतो. ती घाण ओलावा ओढी व नळीस गंज चढे. परंतु उपाय सोपा होता: ऊन पाणी, चिंधी आणि वर तेलाचा हात. ठासणीच्या बंदुकीपासून हाच प्रघात.

तो १८८८ नंतर अपुरा पडला. त्या वर्षीं ब्रिटिश सैन्यानें ·३०३ इंची ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली, आणि थोड्याच वर्षांत काळ्या दारूच्या जागीं कॉर्डाइट आलें. गोळीचा वेग सेकंदास दोन हजार फुटांच्या घरांत गेला. इतक्या वेगांत नुसतें शिसें नळींतील पेचदार चऱ्यांना धरून फिरत नाहीं, सोलून निघतें. म्हणून त्यावर चार भाग तांबें व एक भाग निकल अशा धातूचें कवच चढविलें. ज्या ·३०३ काडतुसांच्या बुडावर ‘के. एफ.’ हीं अक्षरें असत, तीं खडकीचीं. शिसें वांचलें खरें. पण आतां कवचच घासून नळीच्या तोंडाकडील भागांत गांठीगांठींनीं चिकटूं लागलें. १९१० च्या नव्या गोळीनें वेग २४४० फुटांवर नेला, तेव्हां हा त्रास अधिकच वाढला. लांबच्या नेमास कणभर गांठही भोंवते, आणि रणांगणावर चुकलेल्या नेमाची किंमत शिपायास प्राणांनीं द्यावी लागते.

आपल्या घरांत तांब्याच्या घागरी चिंचेनें उजळतात. मग नळीही तशीच कां उजळूं नये? चिंच तांब्यावरचा काळेपणा काढते, तांबें काढीत नाहीं. उलट पोलादास मात्र खाते. येथें तांबें विरघळविणारें आणि पोलाद सोडणारें द्रव्य हवें. तें अमोनिया. नवसागर व चुना एकत्र चोळले असतां नाकास झोंबणारा जो वायु सुटतो, तोच पाण्यांत मुरविलेला. नळीचें एक तोंड बुचानें बंद करून हा द्राव आंत भरीत. तो निळा पडला कीं तांबें सुटूं लागलें असें समजावें. मात्र वेळेवर ओतून टाकून नळी धुवून, पुसून तेल लावणें अवश्य; द्राव आंत वाळला तर पोलादच गंजे. दुसरा उपाय दोरीस तारेची जाळी बांधून ती नळींतून ओढण्याचा. माझ्या मतें हा आळशाचा उपाय. त्यानें तांब्याबरोबर चरेही झिजतात.

एवढें करूनही नळ्या गंजत, आणि दोष कित्येक वर्षें कॉर्डाइटच्या धुरास दिला जाई. १९२० नंतर अमेरिकेंतील संशोधनानें खरा चोर सांपडला. काडतुसाच्या बुडाशीं ठिणगी देणारी जी टोपी असते, तिच्यांतील पोटॅशियम क्लोरेट जळून पोटॅशियम क्लोराइड हा क्षार उरतो. हा आपल्या मिठाचाच भाऊ. तेलांत तो विरघळत नाहीं. पाण्यांत तत्काळ विरघळतो. म्हणजे झाडणें संपतांच किटलीभर उकळतें पाणी नळींत ओतण्याची जुनी चाल योग्यच होती. तांब्याचें पुट असेल तर हा क्षार त्याखालीं दडून बसतो, म्हणून दोन्ही उपाय करावे लागत.

पुढें निकल जाऊन तांबें व थोडें जस्त अशा धातूचें कवच रूढ झालें. त्याचेंही पुट बसतें, पण पातळ, गांठींचें नव्हे. तें काढण्याच्या कित्येक द्रावांत आजही अमोनिया असतो, आणि चिंधी निळी निघणें थांबेपर्यंत नळी पुसतात.