शालाप्रवेशाचा अधिकार : धारवाडचा अर्ज (इ. स. १८५६) व त्यानंतर

मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्याच्या इ. स. १८५६-५७ च्या अहवालांत एका महार विद्यार्थ्याच्या अर्जाची हकीगत आली आहे. इ. स. १८५६ च्या जून महिन्यांत त्यानें सरकारकडे तक्रार केली कीं, नेहमींची फी देण्यास आपण तयार असतां धारवाडच्या सरकारी शाळेंत आपणांस घेत नाहींत. ता. २१ जुलै १८५६ रोजीं मुंबई सरकारानें या अर्जावर ठराव केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीनें इ. स. १९२८ सालीं सायमन कमिशनपुढें जें निवेदन ठेविलें, त्यांत हा ठराव उतरून घेतला आहे. तेव्हांपासून तो अभ्यासकांच्या परिचयाचा झाला. परंतु ज्या उताऱ्यांतून तो सर्वत्र उद्धृत होतो, त्यांत मुलाचें नांव येत नाहीं. तो केवळ ‘महार अर्जदार’ आहे.

या ठरावाचा उल्लेख बहुधा एका ओळींत होतो, व ती ओळ अशी असते कीं, सरकारानें अर्ज फेटाळला. हें खरें आहे, पण अपुरें आहे. ठरावाचा आशय नीट पाहिला तर सरकारानें आधीं मान्य केलें कीं, तत्त्वतः न्याय अर्जदाराच्या बाजूस आहे. पुढें अशी आशा प्रकट केली कीं, त्यास आड येणारे लोकग्रह लौकरच नाहींसे होतील. आणि शेवटीं सांगितलें कीं, युगानुयुगें चालत आलेल्या ग्रहांत एकदोन व्यक्तींसाठीं तडकाफडकीं हात घातला तर शिक्षणकार्याचेंच नुकसान होईल. शिवाय ही अडचण कांहीं या सरकारानें निर्माण केलेली नाहीं. सारांश, हक्क कबूल, प्रवेश नाकबूल.

प्रस्तुत लेखकाचें शिक्षण जुन्या पद्धतीनें संस्कृतांत झालें असल्यानें त्यास येथें मीमांसकांचा अधिकारविचार आठवतो. कोणत्याही कर्माचा अधिकारी कोण, हें ठरवितांना शास्त्रकार तीन गोष्टी पाहतात : अर्थित्व, म्हणजे त्या फलाची इच्छा, सामर्थ्य, म्हणजे तें कर्म पार पाडण्याची शक्ति व साधनें, आणि अपर्युदस्तत्व, म्हणजे शास्त्रानें त्या मनुष्यास वगळलेलें नसणें. धारवाडच्या मुलास ही कसोटी लावून पाहावी. त्यानें अर्ज केला, तेव्हां अर्थित्व सिद्ध झालें. फी देण्याची तयारी दाखविली, तेव्हां साधनांचेंही सामर्थ्य आलें. राहतां राहिला पर्युदास. जैमिनीच्या सहाव्या अध्यायांत यज्ञाधिकारापासून शूद्रास वगळलें आहे हें सर्वश्रुत आहे. त्याच अधिकरणांत बादरीचें सर्वाधिकाराचें मत नमूद होऊन मागें पडलें, हें तितकें श्रुत नाहीं. असो. शास्त्रकारांनीं निदान वगळलें तें ‘वगळलें’ असें म्हणून वगळलें. मुंबई सरकारानें मात्र पर्युदास नाहीं असें स्वमुखें सांगितलें आणि तरीही दार उघडलें नाहीं. अधिकार आहे पण त्याचा काल आलेला नाहीं, अशी एक चौथी कोटि या ठरावानें निर्माण केली. आमच्या मतें ठरावाचें ऐतिहासिक महत्त्व याच कोटींत आहे. कारण पुढील पाऊणशें वर्षें शालाप्रवेशाचा वाद बहुतेक याच भूमिकेवरून खेळला गेला.

ही भूमिका १८५६ सालीं एकाएकीं उत्पन्न झाली नव्हती. त्या वेळचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन हे माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे पुतणे. चुलत्यांनीं आपल्या शिक्षणविषयक टिपणांत असें नमूद केलें होतें कीं, मिशनऱ्यांस खालच्या जातींचीं मुलें उत्तम विद्यार्थी म्हणून आढळतात. पण त्यांस विशेष उत्तेजन देणें धोक्याचें आहे, कारण शिक्षण प्रथम त्यांच्यांत रुजलें तर तें वर पसरणार नाहीं. त्यांच्याच अमदानींत, ता. ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं, पुण्यास विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडली, ती केवळ ब्राह्मणांसाठीं. पेशव्यांच्या दक्षिणेच्या पैशाची ती एक वाट होती, व दक्षिणा घेणाऱ्या वर्गास नव्या राज्याविषयीं आपलेपणा वाटावा हा तिचा उघड हेतु होता. चुलत्यांची भीति व पुतण्यांचा ठराव यांमध्यें तीस-बत्तीस वर्षें गेलीं, पण युक्तिवाद तोच राहिला.

आतां ‘युगानुयुगांचे ग्रह’ हा शब्दप्रयोग तपासून पाहण्याजोगा आहे. ज्या वर्षीं सरकार धारवाडांत हात घालण्यास कचरत होतें, त्याच्या चार वर्षें आधीं, म्हणजे १८५२ सालीं, जोतीराव फुले यांनीं पुण्यासारख्या कर्मठ नगरांत महार-मांगांच्या मुलांसाठीं शाळा काढली होती. फुल्यांच्या शाळेंत शिकणाऱ्या मुक्ता या मांग मुलीचा निबंध ज्ञानोदयानें १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चांत छापला. या शाळांस पुण्यांतील उच्चवर्णीय गृहस्थांचेंही साहाय्य होतें. ग्रह होते, आणि ते कडक होते, याविषयीं शंका नाहीं. फुले दांपत्यास झालेला त्रास सर्वांस माहीत आहे. परंतु एका शाळामास्तराच्या हातून जें झालें तें इलाख्याच्या सरकारास अशक्य होतें, हें म्हणणें कागदावर टिकत नाहीं.

पुढील पत्रव्यवहार थोडक्यांत सांगतों. हिंदुस्थान सरकारानें १८५७ च्या जानेवारींत मुंबईस कळविलें कीं, आपण बहुधा शहाणपणानेंच वागलां असाल, पण बंगाल इलाख्यांतील कोणत्याही सरकारी शाळेंत या मुलास नकार मिळाला नसता. प्रशंसेंत गुंडाळलेला हा टोला मोठा मार्मिक आहे. कोर्ट ऑफ डायरेक्टर्सनीं ता. २८ एप्रिल १८५८ च्या खलित्यांत याहून स्पष्ट उत्तर दिलें : सरकारी शाळा सर्व वर्गांसाठीं आहेत, हें तत्त्व अमलांत आणल्यानें कांहीं मुलें निघून जातील तर जावोत, ज्यांस पटत नसेल त्यांनीं आपल्या वर्गण्या काढून घ्याव्या व आपल्यापुरत्या निराळ्या शाळा काढाव्या.

येथें बहुतेक लेखक प्रकरण बंद करितात, व सन १८५८ पासून शाळा सर्वांस खुल्या झाल्या असें लिहितात. आमचा आक्षेप नेमका येथें आहे. हेंच तत्त्व स्टेट सेक्रेटरीनें १८६३ सालीं पुन्हां सांगितलें. हंटर कमिशननें १८८२-८३ सालीं तें आणखी एकदां सांगितलें, आणि सांगतांना ‘योग्य सावधगिरीनें’ लागू करावें अशी पुस्ती जोडली. शिवाय जेथें पुरेशीं मुलें असतील तेथें त्यांच्यासाठीं स्वतंत्र शाळा व वर्ग काढण्यास उत्तेजन द्यावें अशीही शिफारस केली. प्राप्ति असल्यावांचून प्रतिषेध होत नाहीं, असा शास्त्रांतला न्याय आहे. जी गोष्ट घडतच नाहीं तिचा निषेध कोणी करीत नाहीं. पंचवीस वर्षांत एकच निषेध तिसऱ्यांदा करावा लागला, याचा अर्थ शाळांच्या दारांत नकार चालूच होता.

याच हंटर कमिशनपुढें जोतीराव फुल्यांनीं ऑक्टोबर १८८२ मध्यें निवेदन दिलें. प्राथमिक शिक्षणाची हेळसांड हा त्याचा मुख्य विषय, व तोच नेहमीं सांगितला जातो. वरच्या शाळांतील शिष्यवृत्त्यांविषयींचा त्यांतला मजकूर लहान आहे, पण आजच्या वादास तो अधिक जवळचा आहे. सरकारच्या हातांतील थोड्या शिष्यवृत्त्यांपैकीं निम्म्या, ज्या वर्गांत शिक्षणाची प्रगति झालेली नाहीं त्यांस द्याव्या, अशी त्यांची मागणी होती. आणि कारण असें दिलें कीं, चढाओढीच्या परीक्षेनें शिष्यवृत्ति देण्याची पद्धति तत्त्वतः न्याय्य असली तरी तिनें इतर वर्गांत विद्येचा प्रसार होत नाहीं. ‘तत्त्वतः न्याय्य’ हें विशेषण वाचून धारवाडचा ठराव आठवावा. तेथें सरकार म्हणालें, तत्त्वतः न्याय तुझ्या बाजूस आहे म्हणून थांब. येथें फुले म्हणतात, तत्त्वतः न्याय्य असलेली परीक्षा पुरेशी नाहीं म्हणून थांबूं नका. एकच शब्द, पण एकानें तो दार लावण्यास वापरिला व दुसऱ्यानें उघडण्यास. जन्माच्या दारापलीकडे परीक्षेचें दुसरें दार आहे, हें एतद्देशीयांपैकीं फुल्यांइतक्या लौकर व इतक्या नेमकेपणें कोणी ओळखल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

नियम आणि वहिवाट यांतील अंतर पाहावयाचें तर साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलाचें रजिस्टर पाहावें. ता. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं, १९१४ या क्रमांकासमोर, भिवा रामजी आंबेडकर हें नांव तेथें दाखल झालें. ही शाळा आतां प्रतापसिंह हायस्कूल या नांवानें प्रसिद्ध आहे, व २०१७ पासून हा दिवस महाराष्ट्रांत विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. रजिस्टरानें प्रवेश दिला. वर्गानें मात्र गोणपाटावर निराळें बसविलें. पुढें मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कुलांतून ते १९०७ सालीं मॅट्रिक झाले, पण संस्कृत शिकावयास न मिळाल्यामुळें त्यांस फारसी घ्यावें लागलें. ज्यानें चाळीस वर्षें मुलांस शब्दरूपें घोकविलीं त्या माझ्यासारख्या मास्तरास ही हकीगत वाचतांना मान खालीं घालावी लागते. मुंबई कायदेकौन्सिलांत सी. के. बोले यांचा ठराव ऑगस्ट १९२३ मध्यें मंजूर झाला, त्यांतही पाणवठे व धर्मशाळांच्या जोडीस सार्वजनिक शाळांचा उल्लेख करावा लागला. म्हणजे निषेध चौथ्यांदा!

आमचें वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजी अमलांत गेलें तरी नांवानें निजामाचा मुलूख राहिलें. त्याचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाकडे होता, म्हणून मुंबईचे ठराव येथें लागू नव्हते. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हां वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. हें नांव १९०५ मध्यें बदललें. परंतु फुल्यांनीं उपस्थित केलेल्या प्रश्नास सरकारी उत्तर मिळूं लागलें त्याचा आरंभ, योगायोगानें, वऱ्हाडांतच झाला. निवडपरीक्षेनें प्रवेश देणाऱ्या नवोदय विद्यालयांपैकीं पहिलीं दोन १९८५-८६ सालीं निघालीं. एक हरियाणांत झज्जर येथें व दुसरें अमरावतीस. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानें ही योजना देशभर नेली. सहाव्या इयत्तेंत ऐंशीं जागा, त्यांपैकीं निदान पाऊणशें टक्क्यांऐवजीं, नेमकें सांगावयाचें तर शेंकडा ७५, ग्रामीण मुलांस, एकतृतीयांश मुलींस, अनुसूचित जाती-जमातींस जिल्ह्यांतील लोकसंख्येच्या मानानें, पण ठराविक किमानाहून कमी नाहीं. परीक्षा आहे, पण तिच्या आधीं स्पर्धकांची वाटणी आहे. मूठभर मुलांवर इतका खर्च करण्यापेक्षां सर्व शाळा सुधाराव्या, हा आक्षेप तेव्हांपासून घेतला जातो. आचार्य राममूर्ति समितीनेंही १९९० सालीं या शाळांच्या मूळ कल्पनेवर प्रश्न उभे केले. आक्षेप वजनदार आहे. तथापि आमच्या यवतमाळ जिल्ह्याचें विद्यालय घाटंजी तालुक्यांत बेलोरा येथें आहे. तेथें गेलेलीं शेतमजुरांचीं मुलें ज्यानें पाहिलीं त्यास योजना सरसकट मोडीत काढण्याचें धैर्य होत नाहीं.

वाटणी आली कीं दाखला आला. आणि दाखला आला कीं आपण, म्हणजे जुने कागद जमविणारे लोक, या वादांत ओढले जातों. महाराष्ट्रांत जातीच्या दाखल्यासाठीं अनुसूचित जातींस १० ऑगस्ट १९५० पूर्वींचा, विमुक्त-भटक्यांस २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वींचा, व इतर मागासवर्गांस १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वींचा पुरावा लागतो. हा पुरावा बहुधा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरांतच सांपडतो. कुणबी नोंदी शोधण्यासाठीं सप्टेंबर २०२३ मध्यें न्या. संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, तेव्हां जुनीं शाळारजिस्टरें आणि मोडी वाचणारे, या दोहोंचीही किंमत लोकांस एकदम कळली. पणजोबाचें नांव ज्या वहींत आहे ती वाळवीनें खाल्ली असेल, तर पणतूच्या प्रवेशाचें दार आजही लागतें.

मी नोकरींत असतांना एका खेड्यांतील शाळेच्या अडगळींत अशीं तीन रजिस्टरें पाहिलीं होतीं. शाई तपकिरी झाली होती, कडा उंदरांनीं कुरतडल्या होत्या. जातीच्या रकान्यांत हात बदलेल तशी भाषा बदले. कोठें जात, कोठें धंदा, कोठें नुसती रेघ. शाळा सोडण्याच्या कारणाच्या रकान्यांत ‘गुरांमागें जातो’ हा शेरा पानोपान होता, व तो कोणत्या मुलांच्या नांवांपुढें अधिक होता हें मोजून काढणें अवघड नव्हतें. मीं तें मोजण्यास घेतलें, पण पुढच्या वर्षीं गेलों तों इमारत दुरुस्त झाली होती व रजिस्टरें रद्दींत गेलीं होतीं.

धारवाडच्या अर्जाचा इतिहास आजवर ठरावांवरून लिहिला गेला. त्या ठरावांचा अंमल किती झाला, हें केवळ या वह्यांवरून कळेल. म्हणून सभासदांस विनंति कीं, ज्यांच्या संग्रहीं वा गांवच्या शाळेंत १९५० पूर्वींचें दाखल-खारीज रजिस्टर असेल, त्यांनीं शाळेचें गांव, सनावळी, लिपि व पानांची संख्या एवढें तरी मंडळास कळवावें. मूळ वही शाळेंतच राहूं द्यावी, कारण तिचें काम अजून संपलेलें नाहीं. पण पानांचीं छायाचित्रें घेऊन ठेवावीं. लोहारा व आसपासच्या गांवांचें काम मीं हातीं घेतलें आहे. मोडी पानें वाचण्यास कोणी तरुण सोबती मिळाल्यास पावसाळ्यापूर्वीं तें पुरें होईल.