ई-रुपया

ई-रुपया : भारतीय रिझर्व्ह बँकेने डिजिटल स्वरूपात काढलेले भारताचे अधिकृत चलन. ‘डिजिटल रुपया’ असेही त्याला म्हणतात. नोट जशी रिझर्व्ह बँकेच्या ताळेबंदात देण्याच्या बाजूला मांडली जाते, तसाच ई-रुपयाही. त्याच्यावर व्याज मिळत नाही आणि नोटा-नाण्यांच्याच किमतींत तो काढला जातो. बँकेने दिलेल्या मोबाइल वॉलेटमध्ये तो ठेवता येतो, एका वॉलेटमधून दुसऱ्यात थेट देता येतो, आणि हवे तेव्हा पुन्हा खात्यात जमा करता येतो. नोव्हेंबर २०२२पासून तो प्रायोगिक पातळीवर वापरात आहे.

मोबाइलवरून पैसे देणे २०१६मध्ये यूपीआय आल्यापासून भारतीयांच्या अंगवळणी पडले आहे. मग ई-रुपयाने नवे काय दिले, हा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर, तो रुपया देणे कोण लागतो, यात शोधावे लागते. पासबुकातली शिल्लक ही बँकेने खातेदाराला देणे असलेली रक्कम असते, आणि यूपीआय हे देणे एका बँकेच्या खतावणीतून दुसऱ्या बँकेच्या खतावणीत हलवते. बँक सुस्थितीत असेतोवर हा बारकावा कुणाच्या ध्यानात येत नाही. महाराष्ट्रातल्या असंख्य ठेवीदारांना तो सप्टेंबर २०१९मध्ये फार कठोरपणे कळला. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर, म्हणजे पीएमसीवर, रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा सुरुवातीला प्रत्येक खात्यातून सहा महिन्यांत मिळून अवघे १,००० रुपये काढण्याची मुभा होती. मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली, फेब्रुवारी २०२०मध्ये देशभर ठेवविम्याचे संरक्षण १ लाखावरून ५ लाखांवर गेले, आणि जानेवारी २०२२मध्ये पीएमसी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. तरीही मोठ्या ठेवी पूर्ण परत मिळण्यासाठी दहा वर्षांपर्यंतची मुदत ठरली. त्या काळात ज्यांच्या कपाटात नोटा होत्या, त्यांच्या नोटांना कसलाही धक्का लागला नाही. ई-रुपयाला हेच संरक्षण आहे. ज्या बँकेच्या ॲपमध्ये तो ठेवला ती बँक अडचणीत आली, तरी तो रिझर्व्ह बँकेचेच देणे राहतो.

ई-रुपयाच्या समर्थनार्थ दिल्या जाणाऱ्या कारणांपैकी हे सर्वांत भक्कम कारण आहे, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते. रोखीचा वापर उद्या आटला, तर सामान्य माणसाच्या हाती केवळ बँकांनी आणि कंपन्यांनी दिलेली वचने उरतील. मध्यवर्ती बँकेच्या पैशावर आज नोटेमुळे प्रत्येकाचा जो हक्क आहे, तो डिजिटल व्यवहारांतही टिकवायचा असेल तर त्यासाठी असे चलन लागते.

कायद्याची वाट आभासी चलनांच्या वादातून निघाली. २००९मध्ये बिटकॉइन सुरू झाले. त्याच्यामागे कोणतीही मध्यवर्ती बँक नाही, त्यामुळे ते कुणाचेच देणे नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८मध्ये बँकांना अशा चलनांच्या व्यवहारांत सेवा देण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ती मनाई रद्द ठरवली. दरम्यान सुभाषचंद्र गर्ग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९मध्ये खासगी आभासी चलनांवर बंदीची शिफारस केली होती, पण अधिकृत डिजिटल चलनाचा विचार खुला ठेवा असेही सुचवले होते. १ फेब्रुवारी २०२२च्या अर्थसंकल्पी भाषणात निर्मला सीतारामन यांनी डिजिटल रुपयाची घोषणा केली. त्याच भाषणात आभासी मालमत्तांच्या नफ्यावर ३० टक्के कर जाहीर झाला. वित्त अधिनियम २०२२ने रिझर्व्ह बँक अधिनियम, १९३४मध्ये दुरुस्ती करून ‘बँक नोट’ या संज्ञेत डिजिटल नोटेचाही समावेश केला. ई-रुपयाला नोटेचा कायदेशीर दर्जा मिळाला तो या दुरुस्तीने.

ऑक्टोबर २०२२मध्ये रिझर्व्ह बँकेने संकल्पना टिपण प्रसिद्ध केले आणि १ नोव्हेंबरला घाऊक प्रयोग सुरू झाला. त्यात नऊ बँका सरकारी रोख्यांच्या दुय्यम बाजारातील व्यवहार ई-रुपयात पुरे करू लागल्या. नागरिकांसाठीचा किरकोळ प्रयोग १ डिसेंबर २०२२ रोजी मुंबई, नवी दिल्ली, बेंगळुरू आणि भुवनेश्वर येथे सुरू झाला. आरंभी त्यात स्टेट बँक, आयसीआयसीआय, येस बँक आणि आयडीएफसी फर्स्ट या चार बँका होत्या. २०२३पासून ई-रुपयाच्या ॲपने यूपीआयचा क्यूआर कोडही स्कॅन करता येऊ लागला.

ही रचना दोन पायऱ्यांची आहे. चलन रिझर्व्ह बँक काढते, लोकांपर्यंत ते बँका नेतात. नागरिकांना थेट रिझर्व्ह बँकेतच खाते उघडू दिले, तर ठेवी बँकांतून निघून तिकडे जातील. आणि शेतकरी, व्यापारी, घरबांधणी यांना मिळणारी कर्जे त्या ठेवींच्याच बळावर दिली जातात. ई-रुपयावर व्याज न देण्यामागेही हाच विचार आहे. पण ही तटबंदी पुरेशी आहे असे नाही. एखाद्या बँकेबद्दल अफवा उठली, की आज ठेवीदाराला शाखेपुढे रांग लावावी लागते किंवा पैसे दुसऱ्या बँकेत वळवावे लागतात. ई-रुपया सर्वदूर झाला तर पैसे थेट रिझर्व्ह बँकेच्या आश्रयाला नेता येतील, तेही घरबसल्या, मध्यरात्रीसुद्धा. एका ठेवीदाराला जे सुरक्षित वाटते तेच सर्वांनी एकदम केले, तर धडधाकट बँकही कोलमडू शकते. म्हणूनच वॉलेटमध्ये किती ई-रुपये बाळगता यावेत, यावरील मर्यादा हा तपशिलाचा नव्हे, धोरणाचा विषय आहे.

प्रत्यक्ष वापर अजून तोकडा आहे. २०२३च्या अखेरीस दिवसाला १० लाख किरकोळ व्यवहारांचे उद्दिष्ट गाठले गेले, पण त्यासाठी काही बँकांनी आपल्या कर्मचाऱ्यांचे भत्ते ई-रुपयात दिले होते. तो जोर ओसरताच आकडाही घसरला. मार्च २०२५अखेर सुमारे ६० लाख वापरकर्ते आणि १,०१६ कोटी रुपयांचे ई-रुपये चलनात होते. त्याच वेळी कागदी नोटा ३६ लाख कोटी रुपयांहून अधिक किमतीच्या होत्या, म्हणजे १०,००० रुपयांच्या नोटांमागे ई-रुपया तीन रुपयांहूनही कमी. ऑगस्ट २०२५मध्ये यूपीआयने एका महिन्यात २,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. दुकानदाराला दोन्हींतून पैसे तितक्याच झटपट मिळत असतील, तर ग्राहक सवयीचे ॲप सोडत नाही, यात नवल नाही. मात्र यूपीआयशी बरोबरी हा ई-रुपयाच्या यशाचा योग्य निकष मानता येत नाही, कारण बँकेचे देणे हलवणाऱ्या व्यवस्थेकडून मध्यवर्ती बँकेच्या पैशाची उणीव भरून निघत नाही.

नोटा छापण्याच्या खर्चाचा मुद्दाही मांडला जातो. नाशिकरोडचा नोट छापखाना १९२८पासून चालू आहे. देवास, म्हैसूर व सालबोनी येथेही छपाई होते. २०२४-२५मध्ये रिझर्व्ह बँकेचा नोटछपाईवरील खर्च ६,३७२ कोटी रुपये होता. ई-रुपयाने हा खर्च घटेल तो नोटांची मागणी घटली तरच, आणि ती तर वाढतेच आहे.

ज्या गुणाकडे सरकार आणि बँका सर्वाधिक आशेने पाहतात तो म्हणजे पैशालाच अट जोडण्याची सोय. ठरावीक कामासाठी, ठरावीक मुदतीत किंवा ठरावीक दुकानातच चालेल, असा ई-रुपया काढता येतो. ओडिशा व आंध्र प्रदेशात कूळ शेतकऱ्यांना निविष्ठांसाठी अशा रुपयातून कर्ज देण्याचा प्रयोग स्टेट बँकेने हाती घेतला. जमिनीचा उतारा नावावर नसल्याने ज्याला पीककर्ज मिळत नाही, त्याला या मार्गाने कर्ज मिळावे हा हेतू मोलाचा आहे. महाराष्ट्रात इंडसइंड बँकेने २०२४मध्ये ५० शेतकऱ्यांना कार्बन क्रेडिटचा मोबदला ई-रुपयात दिला. तरीही इथे सावध राहायला हवे. अट घातलेला रुपया कुपनासारखा असतो. खत दुकानातच चालणारे २,००० रुपये घरात आजारपण आले तर औषधाला उपयोगी पडत नाहीत. शिवाय आपल्या गरजा ठरवण्याचा गरिबाचा हक्क त्यात हिरावला जातो. अट कर्जापुरती असावी. मजुरी, निवृत्तिवेतन किंवा शासकीय अनुदान यांना ती लागू नये.

गोपनीयतेचा प्रश्न याहून अवघड आहे. नोट कोणी कोणाला दिली याची नोंद राहत नाही. ई-रुपयाचे वॉलेट मात्र मोबाइल क्रमांकाशी जोडलेले असते. छोट्या रकमांच्या व्यवहारांत रोखीसारखी अनामिकता राखण्याचा मनोदय रिझर्व्ह बँकेने संकल्पना टिपणात व्यक्त केला आहे; तो कायद्याच्या कलमात उतरला पाहिजे. नेटवर्क नसताना चालणाऱ्या ई-रुपयाची घोषणा फेब्रुवारी २०२४च्या पतधोरणात झाली. मेळघाट किंवा अक्कलकुवा यांसारख्या दुर्गम भागांत, जिथे सिग्नल भरवशाचा नसतो, तिथे ई-रुपया खरोखर रोखीची जागा घेऊ शकेल का, हे त्या सोयीवर ठरेल.

जगात बहामाने ऑक्टोबर २०२०मध्ये ‘सँड डॉलर’ काढला, नायजेरियाने वर्षभराने ‘ई-नायरा’ आणला. दोन्हींचा वापर मर्यादित राहिला. चीनचा ई-युआन अनेक शहरांत चालतो. अमेरिकेने मात्र जानेवारी २०२५च्या अध्यक्षीय आदेशाने मध्यवर्ती बँकेच्या डिजिटल चलनाला मनाई केली आणि जुलैमध्ये डॉलरशी बांधलेल्या खासगी स्टेबलकॉइनसाठी कायदा केला. स्टेबलकॉइन भारतात व्यवहाराला सर्रास वापरले गेले, तर व्याजदर आणि चलनपुरवठा यांवरील रिझर्व्ह बँकेची पकड सैल होईल. परदेशातून घरी पैसे पाठवणाऱ्यांना ते स्वस्त पडते, हे त्याचे मोठे आकर्षण. कोकणातून आणि केरळातून आखातात गेलेल्या कामगारांना तितकाच स्वस्त पण अधिकृत मार्ग मिळायचा, तर दोन देशांची डिजिटल चलने एकमेकांशी जोडावी लागतील. त्या दिशेने भारत व संयुक्त अरब अमिराती यांच्या मध्यवर्ती बँकांनी मार्च २०२३मध्ये अबुधाबी येथे सामंजस्य करार केला आहे.