वयाचा दाखला: वहीतला आणि देहातला

मेहकर तालुक्यातील जानेफळसारख्या वऱ्हाडी गावात मागच्या पिढीतील वृद्धांना वय विचारले, तर उत्तरात आकडा क्वचितच येई. मानमोडीच्या साली, म्हणजे 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत, रांगत होतो; रझाकारांच्या वेळी लग्न झाले; बहात्तरच्या दुष्काळात नातू झाला, अशा खुणांनी आयुष्य मोजले जाई. हे अज्ञान नव्हे, ही कालगणनेचीच एक रीत होय. जनगणनेच्या तक्त्यांत मात्र अशी वये शून्य आणि पाच या अंकांवर येऊन गोळा होतात, कारण प्रगणकाला आकडा हवा असतो आणि सांगणारा तो अंदाजाने देतो.

दीर्घायुष्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्याची खरी अडचण येथेच सुरू होते. शंभरी गाठली म्हणजे काय, हे आधी कोणी तरी लिहून ठेवलेले असावे लागते.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. 18 एप्रिल 1858 रोजी जन्मलेले कर्वे 9 नोव्हेंबर 1962 रोजी वारले, म्हणजे 104 वर्षे जगले. हेच कर्वे 1875 मध्ये मुरूडहून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला परीक्षेसाठी गेले, तेव्हा वयाची अट पुरी झालेली दिसत नाही म्हणून त्यांना परत पाठवण्यात आले. चेहरा वयापेक्षा लहान दिसला, एवढाच पुरावा! (यातून त्यांच्या दीर्घायुष्याचे बीज शोधण्याचा मोह वाचकांनी आवरावा.)

आज चेहऱ्याऐवजी पेशी वाचली जाते. जनुकांची अक्षरे तीच राहतात, परंतु त्यांवर मिथाइल गटांच्या खुणा चढतात नि उतरतात आणि कोणते जनुक बोलेल, कोणते गप्प बसेल, यावर त्यांचा परिणाम होतो. या अभ्यासाला एपिजेनेटिक्स म्हणतात. 2013 मध्ये स्टीव्ह होर्वाथ यांनी अशा 353 जागांवरून वय सांगणारे 'घड्याळ' मांडले. त्यात साधारण साडेतीन वर्षांची चूक राहते. पुढे 2015 मध्ये इटलीतील 105 वर्षांपलीकडच्या वृद्धांचे रक्त तपासले गेले, तेव्हा हे घड्याळ त्यांच्या खऱ्या वयापेक्षा सरासरी 8.6 वर्षे मागे असल्याचे आढळले.

गंमत अशी, की हा साक्षीदार खऱ्या शतायुषीच्याच विरोधात साक्ष देईल. साताऱ्याच्या परीक्षकांप्रमाणे तोही म्हणेल, तुम्ही तेवढे दिसत नाही! शिवाय घड्याळ मागे आहे हे कळते ते जन्मतारीख ठाऊक असल्यामुळेच. देहाची भाषा वाचायलाही वही लागते.

ती वही किती विश्वासार्ह? 2019 मध्ये सॉल न्यूमन यांनी दाखवून दिले, की अमेरिकेतील राज्यांत जन्मनोंदणी सुरू झाल्यावर 110 वर्षे जगलेल्यांची संख्या 69 ते 82 टक्क्यांनी घटली. दीर्घायुषी प्रदेशांच्या अभ्यासकांनी त्यांच्या निष्कर्षांवर आक्षेप घेतले आहेत आणि तो वाद संपलेला नाही. मला मात्र न्यूमन यांचा मूळ संशय रास्त वाटतो.

दुष्काळाची गोष्टही अशीच. 1944-45 च्या हिवाळ्यातील डच उपासमारीत गर्भात असलेल्यांच्या देहावर सहा दशकांनंतरही मिथाइल खुणांचा फरक 2008 च्या अभ्यासात दिसला. प्रसूतीच्या नोंदी जपलेल्या होत्या, म्हणून ही माणसे शोधता आली. 1899-1900 च्या दुष्काळाने वऱ्हाडही होरपळले होते.

आपल्याकडे विदर्भात जन्ममृत्यूची जुनी नोंद कोतवाल बुकात सापडते. तीत बहुधा बापाचे नाव, तारीख आणि मुलगा की मुलगी एवढेच असते. बारशाआधीच्या बाळाला नाव कुठले? मुलगा त्याच गावात वाढतो, तेव्हा नोंद जुळवता येते. मुलीचे लग्नात गाव बदलते, आडनाव बदलते, पुष्कळदा पाळण्यातले नावही बदलते. जगभर शंभरी ओलांडणाऱ्यांत स्त्रियाच बहुसंख्य आहेत. श्रावणबाळ योजनेच्या निवृत्तिवेतनासाठी पासष्टी सिद्ध करायची असो वा शंभरी, सासरच्या गावात बसलेल्या म्हातारीला माहेरच्या वहीतली ती बिननावाची 'मुलगी' आपणच आहोत, हे आधी सिद्ध करावे लागते.