सहाशे ठसे

भारतातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात, संत पॉल महाविद्यालयात सुरू झाला. त्यानंतर साठ वर्षांनी, १६१६ साली, येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ राचोल येथे छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ. पण लिपी मात्र रोमन! मराठीची थोरवी ज्यांनी मुक्तकंठाने गायिली, त्यांनी परकी अक्षरे का पत्करावीत?

उत्तर त्यांच्याच १६०८ सालच्या पत्रात आहे. देशी भाषेत आणि देशी लिपीत पुस्तके छापावीत ही आपली अनेक वर्षांची इच्छा त्यांनी रोमला, आपल्या संघप्रमुखांना, कळविली. अडचणी दोन होत्या. युरोपात चोवीस अक्षरांनी भागते, येथे सहाशे ठसे पाडावे लागतील. आणि प्रांताधिकाऱ्यांच्या आज्ञेवाचून हे काम होणे नाही. पहिली अडचण यंत्राची, दुसरी माणसांची. मला दुसरीच मोठी वाटते. तमिळला ठसे कमी लागतात हे खरे, परंतु दक्षिणेत १५७८ सालीच तमिळ पुस्तक निघाले होते. तेथे कोणीतरी मनावर घेतले.

स्टीफन्स १६१९ साली निवर्तले. भाविकांनी मात्र यंत्राची वाट पाहिली नाही. पुराण गायिले गेले, हातांनी उतरून घेतले गेले. लंडनमधील मार्सडेन संग्रहातील प्रत तर देवनागरीत आहे. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्यात निघाली ती १९५६ साली.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेपुढे आपण त्याच जागी उभे आहोत. आमच्या लासूर स्टेशनला तर नावच यंत्राने दिले, तेव्हा यंत्राशी आमचे वैर नाही. परंतु या नव्या यंत्राला इंग्रजी मजकुराचे डोंगर मिळाले आणि मराठीची ओंजळ. आमच्या गंगापूर-वैजापूरकडच्या बोलीचे तर विचारूच नका. २८ जानेवारी २०२५ रोजी व्हॅटिकनने ‘अँटिक्वा एत नोवा’ हे निवेदन प्रसिद्ध केले. यंत्र घडविणारा व वापरणारा माणूसच नैतिकदृष्ट्या उत्तरदायी, असे ते सांगते. त्याच वर्षी मे महिन्यात पोप चौदावे लिओ यांनी आपल्या नावाचा संबंध १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’शी जोडला. तेरावे लिओ यांच्यापुढे कारखान्यातील कामगार होता. यंत्र त्याला काय देते, त्याच्याकडून काय काढून घेते आणि हे ठरवितो कोण, असा त्यांचा प्रश्न होता. स्टीफन्स यांच्या दुसऱ्या अडचणीशी तो फारच जवळचा आहे.