बुडत्या जहाजाची मालिका बघताना

आज बचत, कर्ज, हप्ता असलं काही बोलणार नाही. आज एका बुडालेल्या जहाजाची गोष्ट.

गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक संपली, वह्या मिटल्या, चहा आला आणि विषय निघाला 'टायटॅनिक' सिनेमाचा. आदल्या रात्री तो टीव्हीवर लागला होता. एक म्हणाली, शेवट बघून झोपच लागली नाही. दुसरी म्हणाली, त्या फळीवर दोघांनाही जागा होती की! हसून झालं, आणि मग आमच्या गटातल्या मावशी म्हणाल्या, "काही म्हणा, त्या काळची माणसं भली. आधी बायका-पोरांना वाचवलं, मग स्वतःचं बघितलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

पण घरी आले तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता. पुस्तकं काढली, वाचत बसले. वाचता वाचता कळलं, की मावशींचं वाक्य खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं सिनेमात आणि मालिकांत फार थोडं येतं, कारण बघणाऱ्यांना ते बघायचंच नसतं. ते अर्धं आज सांगते.

आधी घटना. टायटॅनिक १० एप्रिल १९१२ रोजी इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन बंदरातून अमेरिकेला निघालं. त्या वेळचं जगातलं सर्वांत मोठं जहाज. १४ एप्रिलच्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी ते हिमनगाला घासलं आणि दोन तास चाळीस मिनिटांत, म्हणजे १५ तारखेच्या पहाटे २ वाजून २० मिनिटांनी, समुद्रात गेलं. ब्रिटिश चौकशी आयोगाने मोजलं तेव्हा जहाजावर २,२०१ माणसं होती. वाचली ७११.

जहाजावर जीवरक्षक होड्या होत्या २०. त्यांत मिळून १,१७८ जण बसू शकत होते, म्हणजे जवळजवळ निम्म्या माणसांना होडीत जागाच नव्हती. आणि नवल असं, की हे कायद्याला धरूनच होतं. दहा हजार टनांच्या वरच्या जहाजाला १६ होड्या पुरेत, असा जुना नियम होता. टायटॅनिक ४६ हजार टनांचं झालं, तरी नियम तोच राहिला. कागद पूर्ण होता, होड्या अपुऱ्या होत्या.

आता या जहाजावरची नाटकं बघा. जहाज बुडून साधारण महिनाभरात त्यावर पहिला सिनेमा आला. त्यात काम केलं डोरोथी गिब्सन नावाच्या नटीने. ती स्वतः त्या जहाजावरून वाचलेली होती, आणि त्या रात्री अंगावर होते तेच कपडे घालून ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. लोकांना काय हवं होतं? खरी बाई, खरे कपडे, ताजं दुःख. १९४३ मध्ये युद्ध चालू असताना जर्मनीत टायटॅनिकवर सिनेमा निघाला. त्यात ब्रिटिश मालक लोभी, आणि जहाजावर एक शहाणा जर्मन अधिकारी. असा जर्मन अधिकारी त्या जहाजावर नव्हताच. पण तिथल्या सरकारला शत्रूची बदनामी हवी होती, म्हणून तो आणला.

मग टीव्ही आला. वॉल्टर लॉर्ड या लेखकाने वाचलेल्या साठहून अधिक लोकांना गाठून, पत्रव्यवहार करून १९५५ मध्ये त्या रात्रीवर पुस्तक लिहिलं होतं. १९५६ मध्ये अमेरिकन टीव्हीवर त्याचं नाटक दाखवलं, तेही थेट प्रक्षेपण, शंभराहून जास्त नट घेऊन. १९९६ मध्ये पुन्हा मालिका. आणि २०१२ मध्ये, घटनेला शंभर वर्षं झाली तेव्हा, इंग्लंडमध्ये चार भागांची मालिका आली. ती लिहिली ज्युलियन फेलोज यांनी. त्याआधी त्यांची 'डाउन्टन ॲबी' ही मोठ्या वाड्याची आणि त्यातल्या नोकरमाणसांची मालिका खूप गाजली होती. तिची सुरुवातसुद्धा टायटॅनिक बुडाल्याच्या बातमीनेच होते. त्यामुळे लोकांनी आधीच धरलं होतं, की तोच वाडा आता पाण्यावर बघायला मिळणार.

फेलोज यांनी मात्र वेगळंच केलं. एकाच जोडप्याची गोष्ट न सांगता तोच प्रवास वेगवेगळ्या लोकांच्या बाजूने पुन्हा पुन्हा दाखवला. वरच्या मजल्यावरचे साहेबलोक, खालचे मजूर, वाढपी, नोकर. हिमनगाची धडक पहिल्याच भागात, आणि पुढच्या भागात परत सगळं सुरुवातीपासून. अनेकांची तक्रार आली, की कोणात जीवच अडकत नाही. पुढे पुढे बघणारेही कमी होत गेले.

मला त्या प्रेक्षकांना नावं ठेवायची नाहीत. आपणही तसंच बघतो. दिवसभर राबून संध्याकाळी टीव्हीसमोर बसलं, की आपल्याला एक नायिका हवी असते, एक खलनायक हवा असतो आणि शेवटी मनसोक्त रडता आलं पाहिजे. दोन हजार माणसांसाठी कोण रडणार? पण त्यामुळे होतं काय, की आपण एका पात्रासाठी रडतो आणि आकडे बघायचे राहून जातात. ते आकडे आता बघू.

पहिल्या वर्गात १४४ बायका होत्या. वाचल्या १४०. दुसऱ्या वर्गात ९३ होत्या. वाचल्या ८०. तिसऱ्या वर्गात १६५ होत्या. वाचल्या ७६. म्हणजे तिसऱ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त बायका बुडाल्या. आता मुलं. तिसऱ्या वर्गात ७९ मुलं होती, त्यांतली २७ वाचली. साधारण तिघांत एक. आणि पहिल्या वर्गातले पुरुष? १७५ पैकी ५७. तेही तिघांत एक!

पुन्हा सांगते. महागड्या तिकिटाच्या पुरुषाला जगायची जेवढी संधी मिळाली, तेवढीच स्वस्त तिकिटाच्या लेकराला मिळाली. "आधी बायका-मुलं" हा हुकूम दिला होता हे खरं. पण हुकूम होडीपाशी उभ्या असलेल्यांनाच लागू पडतो. होडीपर्यंत पोचायचं कसं?

होड्या होत्या सगळ्यांत वरच्या मजल्यावर. तिथे जायची वाट पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या भागातून. अमेरिकेचा कायदा असा, की परदेशातून वस्तीला येणाऱ्या गरीब प्रवाशांना रोगराईच्या भीतीने वेगळं ठेवायचं, म्हणून मध्ये अडसर होते. कितीतरी जणांना इंग्रजी येत नव्हतं, पाट्या वाचता येत नव्हत्या. संकट आलं तर कुठे जमायचं, याची रंगीत तालीम कधी झालीच नव्हती. जॉन हार्ट नावाच्या एका सेवकाने मात्र तिसऱ्या वर्गातल्या बायका-मुलांना गोळा केलं आणि दोन खेपांत त्या चक्रव्यूहातून वर नेलं. एक माणूस, दोन खेपा, पन्नासेक जीव. असे आणखी चार-पाच असते तर?

आणि वर काय चाललं होतं? एक होडी ४० जणांची होती, ती १२ माणसं घेऊन निघाली.

पुढे लंडनमध्ये चौकशी बसली. निकाल आला, की तिसऱ्या वर्गाला अन्यायाची वागणूक मिळालेली नाही. पण त्या चौकशीत तिसऱ्या वर्गातल्या एकाही प्रवाशाची साक्ष घेतली नव्हती. हे वाचलं आणि मला आपली इतिवृत्ताची वही आठवली. आपण लिहितो, "सर्वानुमते ठराव मंजूर." पण दाराजवळ बसलेली, तोंडातून शब्द न काढलेली ती एक, तिचं मत काय होतं ते वहीत कुठे येतं? इतिहास असाच लिहिला जातो. ज्याला विचारलं नाही त्याची तक्रार नाही, असं धरून चालतात.

या जहाजाचा एक धागा आपल्या बाजूलाही येतो. ॲनी फंक नावाची अमेरिकन बाई जांजगीरला राहत होती. ते गाव आता छत्तीसगडमध्ये आहे. तेव्हा ते मध्य प्रांतात होतं आणि त्याची राजधानी आपलं नागपूर. ॲनीने तिथे मुलींसाठी शाळा काढली, सुरुवातीला १७ मुली होत्या. १९१२ मध्ये आई आजारी असल्याची तार आली, म्हणून ती मुंबईहून बोटीने निघाली. इंग्लंडमध्ये कोळसा खाणींचा संप झालेला, तिचं ठरलेलं जहाज निघेना, म्हणून जास्तीचे पैसे भरून तिने टायटॅनिकचं दुसऱ्या वर्गाचं तिकीट घेतलं. १२ एप्रिलला जहाजावरच तिला ३८ वर्षं पूर्ण झाली. दुसऱ्या वर्गातल्या ज्या १३ बायका बुडाल्या, त्यांत ती होती. जांजगीरच्या शाळेला नंतर तिचं नाव दिलं. इतक्या सिनेमा-मालिका झाल्या, पण सतरा मुलींची ही बाई कुणाची नायिका झाली नाही.

नाटकात कल्पना असू नये, असं माझं म्हणणं नाही. त्या फळीवरची दोघं काल्पनिकच आहेत, आणि आपण त्यांच्यासाठी रडलो तर कुणाचं काही बिघडत नाही. पण खऱ्या माणसाचं नाव घेतलं, की जबाबदारी येते. १९९७ च्या सिनेमात विल्यम मर्डॉक हा अधिकारी प्रवाशांवर गोळी झाडतो आणि मग स्वतःला संपवतो असं दाखवलं. मर्डॉक खरा होता, त्या रात्री होड्या सोडता सोडता मेला. स्कॉटलंडमधल्या त्याच्या गावाला हे फार लागलं. शेवटी १९९८ मध्ये सिनेमा कंपनीचा अधिकारी त्या गावात गेला, दिलगिरी व्यक्त केली आणि तिथल्या शाळेत मर्डॉकच्या नावाने दिल्या जाणाऱ्या बक्षिसासाठी पाच हजार पौंड दिले. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, ते त्याच्या गावाने दिलं.

आणि वाद्यवृंदाचं? आठ वादक शेवटपर्यंत वाजवत राहिले, आठही बुडाले. हा प्रसंग बहुतेक सिनेमांत असतो, आणि असावाच. पण त्यांतल्या जॉक ह्यूम या २१ वर्षांच्या व्हायोलिनवाल्याच्या वडिलांना ज्या एजन्सीने त्याला कामाला ठेवलं होतं तिने मुलाच्या गणवेशाचं बिल पाठवलं. १४ शिलिंग ७ पेन्स. पडद्यावर वाजवणं दिसतं, बिल सहसा दिसत नाही. पण घरी राहिलेल्यांच्या वाट्याला तर ते बिलच आलं.

रेडिओवर बोलतेय, म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. ती ७११ माणसं वाचली ती बिनतारी संदेशामुळे. जवळ असलेल्या 'कॅलिफोर्नियन' जहाजाचा संदेशवाला यंत्र बंद करून झोपला होता. लांबच्या 'कार्पेथिया'चा संदेशवालाही निजायच्याच बेतात होता, पण त्याने कानावरून यंत्र अजून उतरवलं नव्हतं, म्हणून हाक ऐकू आली. पुढे १९१४ मध्ये देशांनी मिळून करार केला, की होडीत प्रत्येकाला जागा हवी आणि मोठ्या जहाजांवर चोवीस तास कुणीतरी ऐकत बसलेलं हवं.

या महिन्याच्या बैठकीत मी हे सगळं गटात सांगितलं. मला वाटलं होतं मावशींना वाईट वाटेल. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "त्या खालच्या मजल्यावरच्या बायांची नावं तरी कुणी लिहून ठेवलीत का गं?"

ठेवलीत, मावशी. जहाजाच्या यादीत आहेत. आयर्लंडमध्ये लाहरडॅन नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या पंचक्रोशीतले १४ जण एकत्र निघाले होते, कामधंद्यासाठी, अमेरिकेला. ११ बुडाले. वाचल्या त्या तिघी जणी. दर १५ एप्रिलला, जहाज बुडालं त्या वेळेला, त्या गावात चर्चची घंटा वाजवतात.

आता पुढच्या वेळी टीव्हीवर टायटॅनिक लागला, तर आमचं ठरलंय. रडायचं तर आहेच. पण होड्या सुटायला लागल्या, की प्रत्येकीने खालच्या मजल्यावरची माणसं कुठे आहेत तेवढं बघायचं, आणि दुसऱ्या दिवशी बैठकीत सांगायचं.

तुम्हीही बघा आणि आम्हाला कळवा.