भोकांचा अँगल आणि लंडनचा छापखानेवाला

आजचा भाग जरा घरगुती आहे. इतिहास आहेच, पण सुरुवात करतो आमच्या साताऱ्याच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडपासून.

शेडमध्ये बागेचं सामान. कुदळ, खुरपी, पाइप, खताच्या गोण्या. आणि लाकडी फळीवर आबांचे, म्हणजे माझ्या आजोबांचे, पत्र्याचे डबे. आबा छापखान्यात जुळारी होते. जुळारी म्हणजे शिशाचा एकेक खिळा उचलून ओळ जुळवणारा माणूस. मराठीचं हे काम भारी किचकट, कारण काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरून शेकडो वेगवेगळे खिळे लागायचे. छापखाना बंद झाला तेव्हा आबांनी त्यातले थोडे घरी आणून जपले होते.

यंदाच्या पावसाळ्यात वाळवीने फळी आतून पोखरली. वरून रंग शाबूत, आत भुसा. एका रात्री सगळे डबे खाली आले. सकाळी बघतो तर आबा चिखलात बसून चष्मा सावरत खिळे वेचतायत. मला काही बोलवेना.

त्याच आठवड्यात मी बाजारातून भोकांचा अँगल आणला. तुम्ही तो रोज बघता, फक्त नाव घेत नाही. मेडिकलच्या मागच्या खोलीत, किराणा दुकानात, ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये जी करड्या रंगाची लोखंडी रॅक असते ना, तोच. मला वाटायचं, ही भोकं वजन कमी करायला असतील. मग याचा इतिहास वाचला आणि चाटच पडलो. हा अँगल ज्याने काढला, तो स्वतः छापखानेवाला होता!

त्याचं नाव डिमिट्रियस कॉमिनो. जन्म १९०२, सिडनी, घर ग्रीक. इंजिनियरिंग शिकायला लंडनला आला आणि १९२०च्या दशकात तिथेच छापखाना काढला. आता छापखान्यात काय होतं? आज कागदाचे गठ्ठे, उद्या नवीन यंत्र, परवा तयार पुस्तकं. प्रत्येक वेळी मांडणी बदलायची. म्हणजे सुतार बोलवा, लाकूड कापा, ठोका. काम बदललं की तीच रॅक तोडा आणि लाकूड फेका. कॉमिनो या तोडफोडीला वैतागला होता.

त्याचा विचार साधा होता. रॅक मोडायची कशाला, सोडवता आली पाहिजे! लोखंडी पट्टी काटकोनात वाकवायची आणि दोन्ही बाजूंना आधीच ठरलेल्या अंतरावर लांबट भोकं पाडायची. मग हव्या त्या लांबीला कापा आणि नटबोल्टने जोडा. भोक लांबट असल्यामुळे माप थोडं चुकलं तरी बोल्ट बसतो. मेकॅनो खेळला असाल तर लगेच कळेल. मेकॅनो मात्र त्याच्या कितीतरी आधीचं, १९०१ सालच्या पेटंटचं. १९४७ मध्ये त्याने हा अँगल ‘डेक्सिऑन’ नावाने बाजारात आणला. ग्रीकमध्ये डेक्सिऑन म्हणजे उजवं. युद्ध नुकतंच संपलेलं आणि ब्रिटनमध्ये लाकडाची टंचाई. माल खपला यात नवल नाही.

आपल्याकडे मांडणी म्हटलं की स्वयंपाकघरातली, डबे-भांडी ठेवायची. फडताळ तर भिंतीतच. एकदा केलं की पिढ्यान्‌पिढ्या तसंच. हलणारी, वाढणारी, कमी होणारी मांडणी ही माझ्या मते खरी कारखान्याची कल्पना, आणि ती घरात शिरली भोकांच्या अँगलमधून.

माझी रॅक पहिल्या दिवशी डुलत होती, कारण कोपऱ्यात लावायच्या तिकोनी पट्ट्या मी ‘कशाला हव्यात’ म्हणून घेतल्याच नव्हत्या. पुन्हा दुकानात गेलो. शिवाय कापलेल्या कडेने अंगठाही कापून घेतला. कुणी बनवणार असाल तर कानशीने कडा घासा आणि रंग मारा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात गंज.

डबे ठेवून झाल्यावर आबांना बोलावलं. त्यांनी हात वर केला, बोटं जेमतेम पोचली.

“दोन भोकं खाली घे रे.”

“आबा, लगेच घेतो.”

आठ बोल्ट सोडवले, कप्पा खाली घेतला, पुन्हा आवळले. चहा होईपर्यंत काम झालं. आबांनी पहिला डबा उघडला आणि आपले खिळे मोजायला बसले. ‘ळ’ चे दोन खिळे अजून मातीतच आहेत.