काटकसरीतून निघालेला महागडा छंद

ओव्हरक्लॉकिंगसाठी, म्हणजे प्रोसेसर छापील वेगापेक्षा जास्त पळवण्यासाठी, गेमिंगचा संगणक जोडायला निघालेल्या माणसाच्या हातात आज एक ठरलेली यादी पडते. प्रोसेसर इंटेलचा असेल तर नावाच्या शेवटी ‘के’ हवा. मदरबोर्डच्या चिपसेटचं नाव ‘झेड’ने सुरू व्हायला हवं. रॅमवर ‘एक्सएमपी’ किंवा ‘एक्स्पो’ लिहिलेलं हवं, कूलर थोराड हवा आणि एसएमपीएस नाव घेण्याजोग्या कंपनीचा. यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू तिच्या साध्या भावंडापेक्षा महाग असते. गंमत अशी, की हा सगळा उद्योग सुरू झाला तो पैसे वाचवण्यासाठी. यादीतल्या कितीतरी अक्षरांमागे कुणीतरी हुडकलेली एखादी पळवाट आहे, आणि कंपनीने ती बुजवून मग तिच्यावर लावलेली किंमत आहे.

प्रोसेसर ठोक्यावर चालतो. हा ठोका देतो मदरबोर्डवरचा क्वार्ट्‌झचा एक लहानसा क्रिस्टल. १९८१च्या पहिल्या आयबीएम पीसीत हा क्रिस्टल १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा होता. त्याला चाराने भागलं की अमेरिकी रंगीत टीव्हीच्या संकेताला लागणारे ३.५८ मेगाहर्ट्झ मिळत आणि तिनाने भागलं की प्रोसेसरसाठी ४.७७. एकाच क्रिस्टलमध्ये दोन कामं भागली. त्यातला ८०८८ हा प्रोसेसर ५ मेगाहर्ट्झला चालायला लायक होता, म्हणजे पहिला पीसी बाजारात आला तोच लायकीपेक्षा किंचित हळू धावत. तिथेही काटकसरच होती, फक्त ती आयबीएमची होती.

गिऱ्हाइकाची काटकसर सुरू झाली १९८४च्या पीसी एटीपासून. त्यात ८०२८६ प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झने चाले आणि क्रिस्टल असे दुप्पट, १२ मेगाहर्ट्झचा. हा क्रिस्टल बोर्डवर झाळलेला नव्हता, सॉकेटमध्ये खोचलेला होता. लोकांनी तो उपसला आणि जागी १६ मेगाहर्ट्झचा बसवला. प्रोसेसर ८ला पळू लागला. हजारो डॉलरच्या यंत्राचा वेग किरकोळ किमतीच्या सुट्या भागाने तिसऱ्या हिश्श्याने वाढला. आयबीएमला हे रुचलं नाही. नोव्हेंबर १९८५च्या बायोसमध्ये कंपनीने वेगाची तपासणी घातली. यंत्र ठरल्यापेक्षा जोरात धावतंय असं दिसलं, की ते सुरूच व्हायचं नाही. आणि १९८६मध्ये आयबीएमनेच ८ मेगाहर्ट्झचं एटी विकायला काढलं, १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावून. पुढच्या चाळीस वर्षांची सगळी कहाणी या एका प्रसंगात आहे: गिऱ्हाइकाने वाट काढायची, कंपनीने ती अडवायची, आणि नंतर तीच विकायची.

चिप छापील वेगापेक्षा जास्त पळू शकते, याचं कारण कारखान्यात आहे. सिलिकॉनच्या एकाच चकतीतून निघालेल्या चिपा सारख्या नसतात. काही जास्त वेगाला तगतात, काही नाही. त्या तपासून, हापूसची प्रतवारी करून पेट्या भराव्यात तशा, वेगवेगळ्या नावांनी विकल्या जातात. उत्पादन सुधारत गेलं की पहिल्या प्रतीचा माल भरमसाट निघू लागतो, पण बाजाराची मागणी स्वस्त पेटीलाच असते. मग अस्सल मोठं फळही धाकट्या पेटीत जातं. ओव्हरक्लॉकर शोधत असतो ती ही पेटी. त्याच्या बोलीत याला ‘सिलिकॉन लॉटरी’ म्हणतात, आणि तिकीट काढल्याशिवाय नंबर कळत नाही हे त्यात गृहीत आहे.

१९९०च्या दशकात मदरबोर्डवर वेग ठरवणारे जंपर आले. वेगाचं गणित दोन आकड्यांचं झालं: बसचा वेग, म्हणजे बोर्डवरचा मूळ ठोका, आणि त्याला गुणणारा मल्टिप्लायर. प्लास्टिकची चिमुकली टोपी एका पिनेवरून दुसरीवर सरकवली की पेंटियमचा वेग बदलायचा. आपल्याकडे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून ‘असेंबल्ड’ संगणक जोडणाऱ्यांना हे जंपर चांगलेच परिचयाचे होते, कारण ते नीट लावल्याशिवाय यंत्र धड चालतच नसे. पण याच सोयीचा फायदा भामट्यांनी घेतला. हळू प्रोसेसरवरचे आकडे खोडून वरच्या वेगाचे छापायचे आणि वरच्या भावाने विकायचे, हा धंदा जगभर फोफावला. इंटेलने १९९८च्या सुमारास मल्टिप्लायरला कुलूप घातलं ते हे कारण देऊन. कारण खरंही होतं. मात्र भामट्यांबरोबर हौशी लोकही दाराबाहेर राहिले, याचं कंपनीला फारसं दुःख झालं असेल असं वाटत नाही.

मल्टिप्लायर गेला, बस उरली. त्यातून या कुळाचा मूळपुरुष म्हणावा असा प्रोसेसर आला: सेलेरॉन ३००ए.

२४ ऑगस्ट १९९८ला इंटेलने दोन प्रोसेसर एकाच दिवशी जाहीर केले. पेंटियम टू ४५० मेगाहर्ट्झ, किंमत ६६९ डॉलर. आणि सेलेरॉन ३००ए, ३०० मेगाहर्ट्झ, किंमत १४९ डॉलर. सेलेरॉनचा मल्टिप्लायर साडेचारला जखडलेला होता आणि बस ६६ मेगाहर्ट्झची. पण त्याच वर्षी आलेला ४४०बीएक्स चिपसेट १०० मेगाहर्ट्झच्या बससाठीच बनलेला होता. साडेचार गुणिले शंभर म्हणजे साडेचारशे. बस शंभरला नेली तरी बीएक्सवर ग्राफिक्स कार्डाची आणि इतर कार्डांची घड्याळं त्यांच्या नेहमीच्या ६६ आणि ३३वरच राहत, त्यामुळे बाकी काही बिघडत नसे. ज्या बोर्डवर बस हाताने बदलता येत नव्हती, तिथे लोकांनी प्रोसेसरच्या बी२१ या संपर्कपट्टीवर चिकटपट्टी लावली. बोर्डाला वाटायचं, हा शंभरवालाच प्रोसेसर आहे.

एवढ्यावर थांबलं असतं तर ही नुसती स्वस्तातली नक्कल ठरली असती. पण ३००एच्या पोटात १२८ किलोबाइटची कॅश, म्हणजे प्रोसेसरची हाताशी असलेली जलद स्मृती, होती, थेट प्रोसेसरच्या चिपवर आणि पूर्ण वेगाने चालणारी. पेंटियम टूची ५१२ किलोबाइटची कॅश वेगळ्या चिपांत होती आणि ती निम्म्या वेगाने चाले. त्यामुळे ४५०ला नेलेला सेलेरॉन गेममध्ये चौपटीहून महाग प्रोसेसरच्या बरोबरीने चाले. क्वेकसारख्या गेममध्ये सेकंदाला किती चित्रं उमटतात हे मोजणाऱ्या पिढीला आणखी काय हवं होतं? तैवानच्या अबिट कंपनीच्या बीएच६ बोर्डवर जंपरची कटकटही नव्हती. बस आणि व्होल्टेज बायोसच्या पडद्यावरून बदलता येत. आजच्या प्रत्येक गेमिंग बोर्डचा बायोस त्या पडद्याचा वंशज आहे. पुढच्या वर्षी अबिटने बीपी६ काढून दोन सेलेरॉन एका बोर्डवर बसवले, जे इंटेलच्या मनात कधीच नव्हतं.

एएमडीच्या बाजूची गोष्ट याहून साधी आहे आणि मला ती जास्त आवडते. २०००च्या थंडरबर्ड अ‍ॅथलॉन आणि ड्युरॉनवर मल्टिप्लायरचं कुलूप म्हणजे चिपेच्या पाठीवर लेझरने तोडलेले काही बारीक पूल होते. शिसपेन्सिलीतलं ग्रॅफाइट वीजवाहक असतं. तुटलेल्या टोकांमध्ये पेन्सिलीने रेघ ओढली की कुलूप उघडे. पुढच्या वर्षीच्या अ‍ॅथलॉन एक्सपीवर एएमडीने पुलांच्या जागी खड्डे पाडले. मग खड्डा आधी गोंदाने भरा, वर वाहक रंग लावा, असे उपाय निघाले.

या सगळ्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. चिपेत खर्च होणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग २० टक्के वाढवला आणि तो तगावा म्हणून व्होल्टेज १० टक्के वाढवलं, तर उष्णता सुमारे ४५ टक्क्यांनी वाढते. यादीतला थोराड कूलर इथून आला. सुरुवातीला तोही विकत मिळत नव्हता. २०००च्या आसपास हौशी लोक भंगारातल्या मोटारींच्या हीटरची जाळी काढून रेडिएटर म्हणून लावत, पाणी खेळवायला मत्स्यालयाचा पंप, आणि प्रोसेसरवर बसवायचा तांब्याचा ठोकळा कुठल्यातरी वर्कशॉपमध्ये कोरून घेतलेला. डेन्मार्कच्या असेटेकसारख्या कंपन्यांनी हीच रचना बंद डब्यात घातली. २००९चा कोर्सेअरचा एच५० हा असेटेकनेच बनवलेला होता, आणि आज ‘एआयओ’ म्हणून दुकानात मिळतो तो त्याच घराण्यातला.

मग आला ‘के’. २०१०मध्ये इंटेलने दोन प्रोसेसर मल्टिप्लायरचं कुलूप काढून विकून पाहिले. जानेवारी २०११च्या सँडी ब्रिजमध्ये त्याचा नियमच झाला. या पिढीत प्रोसेसर, पीसीआय एक्स्प्रेस आणि सॅटा यांचे ठोके एकाच १०० मेगाहर्ट्झच्या घड्याळातून निघत. बस चार-पाच टक्क्यांपलीकडे नेली की हार्ड डिस्क रुसायची. सेलेरॉनची वाट बंद झाली. उघडी राहिली ती ‘के’ची: कोअर आय५ २५०० घेतला तर २०५ डॉलर, २५००के घेतला तर २१६. वर बोर्ड पी६७ चिपसेटचाच हवा, स्वस्त एच६७वर मल्टिप्लायर हलत नसे. खरं सांगायचं तर हा सौदा वाईट नव्हता. अकरा डॉलर जास्त देऊन ३.३ गिगाहर्ट्झचा २५००के साडेचारच्या आसपास नेता यायचा, आणि कित्येकांनी तो पुढे सात-आठ वर्षं वापरला. पण तत्त्व बदललं होतं. पूर्वी स्वस्त वस्तू घेऊन महागडीचं काम काढायचं. आता आधी महाग वस्तू घ्यायची आणि मग ती हाकायची.

स्वस्तातली वाट पुढे थोडा काळ पुन्हा एकदा उघडली होती. इंटेलच्या २०१५च्या स्कायलेक पिढीत प्रोसेसरचं घड्याळ इतरांपासून सुटं करता येतं हे काही बोर्डवाल्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी ‘के’ नसलेले प्रोसेसरही पळवणारे बायोस काढले. काही आठवड्यांत, २०१६च्या आरंभी, इंटेलच्या सांगण्यावरून ते मागे घेतले गेले.

दरम्यान कंपन्यांनी आणखी हुशारी केली: ओव्हरक्लॉकिंग त्या स्वतःच करू लागल्या. टर्बो बूस्ट, प्रिसिजन बूस्ट या नावांखाली प्रोसेसर तापमान आणि वीज पाहून आपणच वेग वाढवतो. २०२३चा कोअर आय९ १४९००के खोक्यातून काढल्याबरोबर ६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. वाढवायला मागे उरतं काय? एल्मोर नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वीडिश ओव्हरक्लॉकरने २०२४मध्ये त्याच्या केएस भावंडाला ९.१ गिगाहर्ट्झवर नेलं, पण द्रव हेलियम ओतून. ते घरात गेम खेळण्याचं काम नव्हे. त्याच वर्षी इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे अनेक प्रोसेसर, कुणी हात न लावताही, अस्थिर होऊ लागले. प्रोसेसर मागत होता ते व्होल्टेजच जास्त होतं. इंटेलला ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड द्यावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली.

मेगाहर्ट्झच्या भक्तांना खरा धक्का मात्र एएमडीने दिला. २०२२चा रायझन ५८००एक्स३डी साध्या ५८००एक्सपेक्षा वेगाने कमी होता, ४.७ऐवजी ४.५ गिगाहर्ट्झ, आणि त्याचा मल्टिप्लायर पूर्ण बंद. पण त्याच्या डोक्यावर रचलेल्या जादा कॅशमुळे एकूण ९६ मेगाबाइट एल३ कॅश झाली, आणि बहुतेक गेममध्ये त्याने वेगवान भावंडाला मागे टाकलं. १२८ किलोबाइटच्या जोरावर सेलेरॉनने जे केलं, तेच हे. २०२४च्या ९८००एक्स३डीत कॅश कोअरच्या खाली गेली, उष्णता बाहेर पडायला वाट मिळाली आणि कुलूपही निघालं.

तेव्हा आज यादी कशी करावी? प्रोसेसर एएमडीचा एक्स३डी घेतला तर झेडची भानगडच नाही. बी६५०सारख्या मधल्या बोर्डवरही एएमडी ओव्हरक्लॉकिंग करू देते, फक्त ए६२० टाळावा. इंटेलवर कोअर पळवायचे तर के आणि झेड ही जोडी सुटत नाही, पण निव्वळ रॅम वाढवायला २०२१च्या बी५६०पासून बी मालिकाही चालते. बोर्ड निवडताना दिव्यांची रोषणाई सोडून व्हीआरएम पाहावा, म्हणजे एसएमपीएसच्या १२ व्होल्टचे प्रोसेसरला लागणारे सव्वा व्होल्ट करणारा भाग. त्याच्यावर धातूचा भरीव हीटसिंक आहे की नुसतं प्लास्टिकचं झाकण, हे दुकानात हात लावून कळतं. रायझनला डीडीआर५ ६०००, सीएल३० रॅम पुरते. त्यापुढचे पैसे क्वचितच खेळात दिसतात. आणि कूलरची परीक्षणं वाचताना खोलीचं तापमान बघावं. युरोपातल्या २२ अंशांवर ७५ दाखवणारा प्रोसेसर चंद्रपुरातल्या मे महिन्यात, ४० अंशांच्या खोलीत, नव्वदीच्या वर जाणार. अशा घरात व्होल्टेज वाढवण्यापेक्षा उतरवणं जास्त उपयोगी. तेवढाच वेग कमी व्होल्टेजवर तगतो का ते पाहण्याला अंडरव्होल्टिंग म्हणतात, त्यासाठी त्याच बायोसमध्ये दोन-तीन संध्याकाळी घालवाव्या लागतात, आणि पंख्याचा आवाज उतरतो तो वेगळाच.

ज्यांना आकडे ढकलून बघण्यातच मजा वाटते त्यांनी खुशाल के घ्यावा. छंदाला हिशेब नसतो. पण ज्यांना फक्त गेम चांगला चालायला हवा आहे, त्यांनी के, झेड आणि मोठ्या एआयओवर जाणारा फरकाचा पैसा वरच्या ग्राफिक्स कार्डात घालावा. १९९८चा सेलेरॉन घेणाऱ्यानेही वाचलेल्या पैशाचं तेच केलं असतं.